रंगभवनाचे मौन आणि पालघरचे मोकळे मैदान

मुंबईत धोबी तलावाच्या परिसरात, सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या शेजारी, राज्य शासनाच्या मालकीचे एक खुले नाट्यगृह आहे. रंगभवन हे त्याचे नाव. आजच्या विद्यार्थ्याला हे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही, कारण त्याच्या समजत्या वयात तेथे गाणे झालेलेच नाही. परंतु पन्नाशी ओलांडलेल्या कोणाही मुंबईकराला किंवा त्या काळी नोकरीनिमित्त रोज चर्चगेट गाठणाऱ्या पालघर-बोईसरच्या प्रवाशाला विचारावे. रंगभवन हा शब्द उच्चारताच त्याच्या चेहऱ्यावर काही वेगळेच उमटते. १९७८ साली पहिली ‘जॅझ यात्रा’ मुंबईत भरली आणि सॉनी रॉलिन्ससारखा जगद्विख्यात सॅक्सोफोनवादक या शहरात येऊन वाजवून गेला. त्या यात्रेचे नाव रंगभवनाशी कायमचे जोडले गेले. १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ या नावाने पाश्चात्त्य धर्तीच्या वाद्यवृंदांचा जो मेळा भरू लागला, त्याचेही घर हेच. नाटके, लोककला, मुशायरे यांनाही या रंगमंचाने आसरा दिला. ज्या धोबी तलावात गोवेकर वादकांच्या पिढ्या ‘कुडां’तून राहिल्या आणि ज्यांच्या व्हायोलिन-ट्रंपेटांवर हिंदी चित्रपटसंगीताचा एक मोठा कालखंड उभा राहिला, त्या वस्तीत असे एक संगीतस्थळ असावे यात एक प्रकारचे औचित्यही होते.

ते औचित्य कायद्याच्या एका कलमापुढे टिकले नाही. केंद्र शासनाने २००० साली ध्वनिप्रदूषणाविषयीचे नियम केले. रुग्णालये, शैक्षणिक संस्था व न्यायालये यांच्या भोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरला. दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल ही तेथील मर्यादा. रंगभवनाच्या एका अंगाला महाविद्यालय, आणि कामा व गोकुळदास तेजपाल ही दोन मोठी सार्वजनिक रुग्णालये त्याच परिसरात. नकाशावर कोठेही कंपास टेकवला तरी वर्तुळ रंगभवनावरून जाणार हे उघड होते. न्यायालयीन आदेशांनी नियमांच्या अंमलबजावणीस धार आली आणि या शतकाच्या पहिल्या दशकातच तेथील सूर थांबले. त्यानंतरची कहाणी सरकारी वास्तूच्या नेहमीच्या वाटेने गेली. वापर नाही म्हणून देखभाल नाही, आणि देखभाल नाही म्हणून वापर नाही. मध्यंतरी या जागेवर मराठी भाषा भवन उभारण्याचा बेत ठरला. वारशाच्या प्रश्नावर तो अडला आणि अखेर भाषा भवन चर्नी रोडला गेले. त्याचे भूमिपूजन २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या दिवशी, झाले. रंगभवनाच्या नूतनीकरणाच्या घोषणाही अधूनमधून होत आल्या आहेत.

रंगभवनाचे काय करावे, हा प्रश्न म्हणूनच केवळ मुंबईचा राहत नाही. जुने खुले संगीतस्थळ पूर्ववत दुरुस्त करावे, की ते पाडून नवे उभारावे, हा वाद आज महाराष्ट्रात अनेक ठिकाणी वेगवेगळ्या नावांनी चालू आहे. पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर १९६८ साली उभे राहिले. पुनर्विकासाच्या प्रस्तावावरून २०१८ पासून तेथे रंगकर्मींत उघड दोन तट पडले. कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह, राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेले आणि १९१५ साली खुले झालेले, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत भस्मसात झाले. संगीतसूर्य केशवरावांच्या जयंतीची ती पूर्वसंध्या होती. दुसऱ्याच दिवसापासून ‘होते तसेच उभारू’ अशी ग्वाही मिळाली आणि निधीची तरतूदही झपाट्याने झाली. कोल्हापूरकरांच्या दुःखात सारा महाराष्ट्र सहभागी झाला हे योग्यच झाले. पण एक विचार मनात आल्यावाचून राहत नाही. आग लागली की तिजोरी उघडते; वाळवी लागली, गंज चढला, पायऱ्यांच्या सांध्यांतून पिंपळ उगवला, तर मात्र ती बंदच राहते. रंगभवनाला आग लागली नाही, एवढाच काय तो त्याचा अपराध.

दुरुस्तीचा आणखी एक नमुना मुंबईतच आहे. ओव्हल मैदानाजवळच्या कूपरेज उद्यानातील अष्टकोनी बँडस्टँड ही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील वास्तू. ओतीव लोखंडाचे खांब, वर छत्रीसारखे छप्पर, मध्ये वादक आणि भोवती हिरवळीवर श्रोते. पलटणींचे वाद्यवृंद संध्याकाळी अशा ठिकाणी वाजवीत आणि सारे गाव फिरायला बाहेर पडे. साहेबाने आपल्या करमणुकीसाठी आणलेली ही वस्तू खरी. परंतु बागेत संगीत फुकट ऐकायला मिळावे ही कल्पना साहेबाबरोबर बोटीत बसून परत जायला हवी होती असे कोणी म्हणणार नाही. गेल्या दशकात महापालिकेने या बँडस्टँडचा जीर्णोद्धार केला. काम जाणकारीने झाले आणि त्याचे कौतुकही झाले. तरीही एक वास्तू जगवणे आणि एक प्रथा जगवणे यांत अंतर आहे. खांबांना रंग लावण्यासाठी निविदा काढता येते. दर शनिवारी संध्याकाळी तेथे कोण वाजवणार, त्याला मानधन कोणत्या शीर्षातून द्यायचे, परवानगीचा अर्ज कोणत्या खिडकीवर करायचा, या प्रश्नांना निविदा नसते. आपल्याकडे वारसा म्हटला की दगड आणि लाकूड डोळ्यांपुढे येते. बँडस्टँडचा वारसा वस्तुतः त्या मधल्या रिकाम्या जागेत आहे.

रंगभवनाच्या बाबतीत खरी अडचण कोणती, हे मोकळेपणाने मांडले गेले पाहिजे. संगीताचे चाहते हळहळतात आणि सारा दोष ध्वनिनियमांवर टाकतात. हा अन्याय आहे. कामा रुग्णालय स्त्रिया व बालकांचे आहे. प्रसूतीच्या वेणा देणाऱ्या स्त्रीने किंवा शस्त्रक्रिया होऊन पडलेल्या रुग्णाने रात्री दहा वाजता विद्युत गिटारचा टाहो का ऐकावा, याला रसिकांकडे उत्तर नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत रात्री रुग्णकक्षातील आवाज ३० डेसिबलच्या आसपास असावा असे म्हटले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेतील ध्वनिक्षेपकांवरील बंदी उचलून धरली आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर शांतता क्षेत्रांची अंमलबजावणी कठोरपणे करण्यास बजावले, त्यामागे हाच विचार होता. ध्वनिक्षेपक लावणे हा कोणाचाही मूलभूत हक्क नव्हे, हे न्यायालयाने स्पष्ट केले. सुजाण रसिकाने त्याचे स्वागतच करावयास हवे, कारण कानठळ्या बसवणाऱ्या आवाजाचा पहिला बळी संगीतच असते.

मात्र या नियमांचा परिणाम कोठे कसा झाला, हेही पाहिले पाहिजे. वरातीपुढच्या ट्रकवर रचलेल्या भिंतींना, गल्लोगल्लीच्या मंडपांना, निवडणुकीच्या विजययात्रांना हे नियम किती लागू पडले ते पालघर काय आणि मुंबई काय, सर्वांना ठाऊक आहे. फिरत्या ट्रकचा पत्ता नसतो. पोलीस येईपर्यंत तो पुढच्या चौकात गेलेला असतो. रंगभवनाला पत्ता होता, मालक होता, फाटक होते. म्हणून फाटकाला कुलूप लागले. जे स्थळ नियमात बसवता आले असते, ज्याच्या आवाजाला मापयंत्र लावता आले असते, ज्याच्या व्यवस्थापकाला जाब विचारता आला असता, तेच पहिल्यांदा गप्प झाले. महानगरातील शांतता क्षेत्रांत मोजणी होते तेव्हा ५० डेसिबलची मर्यादा मोटारींच्या भोंग्यांनीच ओलांडलेली आढळते, ही या प्रकरणातील आणखी एक विसंगती. रुग्णालयाच्या दारात हॉर्न वाजवणाऱ्याला कोणी सॉनी रॉलिन्स म्हणणार नाही. पण त्याला कुलूपही लागत नाही.

येथे थोडे गणित करणे भाग आहे. मोकळ्या जागेत आवाजाच्या उगमापासून अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. अंतर दहापट झाले की सुमारे २० डेसिबलने. १०० मीटरवरच्या रुग्णालयाच्या भिंतीशी ५० डेसिबल हवे असतील, तर मंचापासून १० मीटरवर, म्हणजे पुढच्या काही रांगांत, आवाज ७० डेसिबलच्या पलीकडे जाता कामा नये. खड्या आवाजात गाणारा गायक एका मीटरवर ८० डेसिबलच्या घरात असतो असे धरले, तर त्याचा आवाज १० मीटरवर ६० आणि १०० मीटरवर ४० इतकाच उरतो. ध्वनिक्षेपकाविना गाणाऱ्या माणसाकडून शेजारच्या रुग्णाला उपद्रव होण्याची शक्यता फार कमी, असा याचा अर्थ. उपद्रव विद्युत ध्वनीचा आहे. आणि तोही क्षेपकांची दिशा, उंची आणि संख्या यांवर अवलंबून आहे. मंचाच्या दोन बाजूंना दोन राक्षसी खोके उभे करून शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकण्याऐवजी रांगारांगांत छोटे क्षेपक खाली झुकवून बसवले, तर श्रोत्याला तेवढेच ऐकू येते आणि कुंपणापलीकडे पुष्कळ कमी जाते. ही विद्या काही गुप्त नाही. ध्वनितंत्रज्ञ ती नित्य वापरतात.

परंतु गणित एक सांगते आणि नियमाचे शब्द दुसरे. शांतता क्षेत्राच्या नियमात ध्वनिक्षेपकाबरोबरच कोणतेही संगीत वाजवणे, वाद्य वाजवणे, लोक जमतील असे प्रयोग करणे, या साऱ्यांनाच दंडनीय ठरवले आहे. तानपुरा आणि ढोल यांत नियमाने भेद केलेला नाही. २०१७ साली केंद्राने दुरुस्ती करून राज्य शासनाने स्पष्टपणे घोषित केल्याशिवाय कोणतेही क्षेत्र शांतता क्षेत्र मानू नये असे ठरवले. मुंबई उच्च न्यायालयाने या दुरुस्तीस स्थगिती दिली आणि काही दिवसांतच त्या स्थगितीला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. ती सवलत सणासुदीच्या दणदणाटासाठी मागितली गेली, हे कोणापासून लपलेले नव्हते. सवलत हवी होती ती भिंतींना. तानपुऱ्याची आठवण कोणालाच झाली नाही.

या परिस्थितीत रंगभवन ‘होते तसे’ पुन्हा सुरू करू, ही घोषणा टाळ्या मिळवणारी असली तरी प्रामाणिक नाही. रुग्णालये हलणार नाहीत, हलू नयेतही. विद्युत वाद्यांचे आणि हजारोंच्या गर्दीचे जुने रंगभवन त्या जागी परत येणे नाही. दुसरीकडे, ते पाडून वाहनतळ, कार्यालये आणि वरच्या मजल्यावर कोठेतरी एक ‘बहुउद्देशीय’ सभागृह असा मनोरा उभारणे हा उपाय नसून त्या जागेचा विक्रयच होय. बहुउद्देशीय या शब्दाचा अनुभव सर्वांना आहे. त्यात लग्ने लागतात, साड्यांचे सेल लागतात आणि वर्षातून एकदा नाटक होते, तेव्हा नटाचा आवाज तिसऱ्या रांगेच्या पुढे जात नाही. त्या जागेला न्याय देणारा मार्ग मधला आहे. मंच, आसनांचा उतार आणि एकंदर ठेवण कायम राखून त्यावर ध्वनिरोधक छत घालावे, बाजू मिटवाव्यात, आणि आवाज आतल्या आत राहील असे मध्यम आकाराचे नाट्यगृह तेथे करावे. आवाज भिंतीबाहेर गेला नाही की शेजाऱ्याच्या तक्रारीलाही जागा उरत नाही. असे पूर्वी घडलेले आहे. गिरगावात केळेवाडीला मुंबई मराठी साहित्य संघाचे आज जे बंदिस्त नाट्यगृह आहे, ते १९६४ साली उभे राहिले. त्याआधी तेथे खुले नाट्यगृहच होते. छप्पर आले म्हणून साहित्य संघाची परंपरा तुटली, असे कोणी म्हणत नाही.

यावर आक्षेप येईल तो रास्त आहे. छत घातले की ते खुले नाट्यगृह उरत नाही. चांदण्यात बसून गाणे ऐकणे ही निराळीच गोष्ट आहे आणि तिची भरपाई वातानुकूलनाने होत नाही. पुण्यात पंडित भीमसेन जोशींनी १९५३ साली गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवात मंडपाखाली रात्र रात्र मैफली चालत आणि शेवटच्या कलाकाराच्या भैरव-भैरवीबरोबर पहाट होई. दहाच्या मर्यादेने त्या रात्री गेल्या. उत्तररात्रीचे राग प्रत्यक्ष उत्तररात्री ऐकलेला श्रोता आता दुर्मीळ होत चालला आहे; मालकंस सायंकाळी सातला ऐकण्याची सवय लागली आहे. हे नुकसान खरे आहे. (दहाला कार्यक्रम संपतो हे डहाणू लोकल पकडणाऱ्याच्या पथ्यावर पडते, ही गोष्ट निराळी.) पण या नुकसानीची भरपाई धोबी तलावात शोधण्यात अर्थ नाही. खुले संगीतस्थळ टिकवायचे असेल तर ते जेथे खरोखरीच मोकळी जागा आहे तेथे नव्याने उभारले पाहिजे. जुन्या जागी आग्रहाने धरून ठेवण्यासारखी वस्तू इमारत असते. मोकळे आकाश जागा बदलून मिळू शकते.

आणि येथे पालघरचा संबंध येतो.

माहीम म्हटले की मुंबईकराला दादरलगतचे माहीम आठवते. त्याच्या वेशीवरचे शिवाजी पार्क २०१० साली उच्च न्यायालयाने शांतता क्षेत्र ठरवले आणि तेव्हापासून तेथील प्रत्येक सभेला परवानगीचे महाभारत करावे लागते. दुसरे माहीम केळव्याशेजारचे, पानवेलींच्या वाड्यांचे. राजवाड्यांनी १९२४ साली प्रसिद्ध केलेल्या महिकावतीच्या बखरीतील महिकावती नेमकी कोणत्या माहीमची यावर अभ्यासक अजून भांडतात. ते भांडण त्यांनी खुशाल चालू ठेवावे. या दुसऱ्या माहीमच्या नावाने एके काळी सारा तालुका ओळखला जाई. आगगाडीचा रस्ता किनाऱ्यापासून आत गेला, कचेरी गाडीच्या मागे पालघरला गेली आणि तालुक्याचे नावही बदलले. म्हणजे सत्तेचे ठाणे हलले की गावाचे काय होते, याचा अनुभव माहीमला आधीच आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला. सिडकोने नव्या नगराची आखणी हाती घेतली आणि २०२१ साली जिल्हा मुख्यालयाच्या भव्य इमारतींचे उद्घाटन झाले. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीमुळे आणि १९६९ पासून चालू असलेल्या अणुवीज केंद्रामुळे येथे देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेला नोकरदारवर्ग स्थायिक आहे. उपनगरी गाड्या २०१३ साली डहाणूपर्यंत आल्यापासून त्यात रोज भर पडते आहे.

या वर्गाच्या संध्याकाळचे काय, हा प्रश्न आजवर कोणत्याही आराखड्यात ठळकपणे विचारला गेलेला नाही. चांगली मैफल ऐकायची तर त्याला बहुधा गाडीने बोरिवली, दादर गाठावे लागते. गावातले कार्यक्रम होतात ते प्रायः शाळेच्या पटांगणात. स्नेहसंमेलन, व्याख्यानमाला, भजनस्पर्धा, कोजागरीचे गाणे, सारे काही तेथेच. कारण गावात तेवढीच एक मोकळी आणि सार्वजनिक जागा असते आणि मुख्याध्यापक बहुधा नाही म्हणत नाहीत. आता नियमाकडे पाहावे. शैक्षणिक संस्थेभोवतीचे १०० मीटर हेच शांतता क्षेत्राचे माप. ते माप घेऊन पाहिले तर कोकणपट्टीतील सारे सांस्कृतिक जीवन वर्षानुवर्षे शांतता क्षेत्रातच चालले आहे. कोणी तक्रार केली नाही, म्हणून चालले. उद्या पटांगणाशेजारी सात मजली इमारत उभी राहिली आणि तिच्यातील एका सदनिकाधारकाने रीतसर अर्ज केला, की जिल्ह्यातील प्रत्येक पटांगणाचे रंगभवन व्हायला वेळ लागणार नाही. अर्ज करणाऱ्याचे काही चुकणारही नाही.

म्हणूनच नव्या नगराची आखणी चालू आहे तोवर एक खुले रंगस्थळ नकाशावर आधी मांडून घेणे निकडीचे आहे. रंगभवनाची शोकांतिका अशी की महाविद्यालय, रुग्णालये आणि नाट्यगृह हे तिघेही एकमेकांशेजारी वर्षानुवर्षे राहिले आणि मगच नियम आला. पालघरला नियम आधी ठाऊक आहे. रुग्णालयाचा भूखंड कोठे, न्यायालयाचा कोठे, शाळांचे कोठे, हे ठरवताना त्या प्रत्येकाभोवती १०० मीटरचे वर्तुळ काढावे. आणि जी मोठी बाग या साऱ्या वर्तुळांबाहेर राहील, तिच्यात रंगस्थळाची जागा राखावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पुढे त्या बागेच्या भोवतीच्या भूखंडांवर शाळा वा रुग्णालय मंजूर करू नये, असे बंधन आराखड्यातच घालावे. रंगस्थळ बांधायला पैसा नंतर मिळेल, न मिळेलही. बंधन घालायला पैसा लागत नाही. आणि ते घालण्याची संधी एकदाच येते.

रंगस्थळ कसे असावे, याविषयीही दोन शब्द आवश्यक आहेत, कारण येथे सार्वजनिक बांधकामाची ठरीव कल्पना घात करील. खुले नाट्यगृह म्हटले की अभियंत्यापुढे सिमेंटचा उंच चौथरा, मागे भिंत, वर पत्र्याची कमान आणि समोर पायऱ्या येतात. गायनाला आणि नाटकाला ते ठीक आहे. मागची भिंत तर आवाज पुढे परतवायला हवीच. पण या जिल्ह्याची सर्वांत जुनी संगीतपरंपरा तारप्याची आहे. दुधी भोपळा आणि बांबूच्या नळ्या यांपासून केलेले ते वाद्य वाजवणारा मध्ये असतो आणि एकमेकांच्या कमरेभोवती हात गुंफलेली नाचणाऱ्यांची साखळी त्याच्याभोवती फिरते. वादकाने चाल बदलली की पावले बदलतात. वारली चित्रांत जी सर्पिल रेघ दिसते ती हीच. कळंबीपाड्याच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ही रेघ जगभर नेली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तारप्याला प्रेक्षकांकडे तोंड करून चौथऱ्यावर उभे केले की त्यातील अर्धे मरते. प्रजासत्ताकदिनाच्या संचलनापासून शाळेच्या संमेलनापर्यंत हे नित्य घडते. नाचणारे एका ओळीत, वादक कोपऱ्यात आणि समोर पाहुण्यांची खुर्ची. पाहुण्यांना ते चालते.

गंमत अशी की कूपरेजचा अष्टकोनी बँडस्टँड आणि वारली पाड्यावरचे खळे यांची रचना एकच आहे. वादक मध्ये, लोक भोवती, आणि मागचा-पुढचा असा भेद नाही. पालघरच्या बागेत असे एक गोल अंगण असावे, चोपलेल्या मातीचे, मध्ये हातभर उंचवटा आणि भोवती बसायला तीन-चार उतरत्या दगडी पायऱ्या. त्याच्या एका अंगाला, हवे तर, भिंत असलेला लहान मंच असावा. गोल अंगणात ध्वनिक्षेपकाची गरज फारशी पडत नाही. कारण कोणताही श्रोता वादकापासून पंधरा-वीस मीटरपेक्षा दूर नसतो. खर्चही बेताचा. जव्हार-मोखाड्याचा बोहाडा, कोळीवाड्यातील गाणी, वाडवळ-भंडारी समाजांतील लग्नगीते, बोईसरच्या वसाहतीतील बंगाली आणि मल्याळी मंडळांचे कार्यक्रम, आणि एखाद्या संध्याकाळी एखाद्या शिक्षकाने जमवलेली मुलांची समूहगीते, या सर्वांना ते पुरेल. चार हजार खुर्च्यांचा जाहीर महोत्सव तेथे होणार नाही. तो न झालेलाच बरा. त्यासाठी किनाऱ्यावर दरवर्षी तात्पुरते मंडप पडतातच.

देखभालीचा प्रश्न उरतो आणि तोच सर्वांत अवघड आहे. शासनाच्या सांस्कृतिक खात्याकडे वास्तू गेली की ती मुंबईच्या फायलीवर अवलंबून राहते; नगरपरिषदेकडे गेली की ती मंडपवाल्याला भाड्याने जाते. पालघर हुतात्म्यांचे गाव आहे. १४ ऑगस्ट १९४२ रोजी येथे पाच जण गोळीबारात बळी पडले आणि त्यांच्या स्मृतीचा चौक गावाच्या मध्यभागी आहे. दरवर्षी त्या दिवशी येथे माणसे आपण होऊन जमतात, त्यासाठी कोणाला निविदा काढावी लागत नाही. नगरपरिषद, जिल्ह्यातील महाविद्यालये आणि कलाकार मंडळे यांची एक छोटी समिती, वर्षभराचे छापील वेळापत्रक, संध्याकाळी सहा ते साडेनऊ ही न बदलणारी वेळ, दाराशी कायमचे बसवलेले आणि सर्वांना दिसणारे ध्वनिमापक यंत्र, आणि महिन्यातील निदान दोन संध्याकाळी कोणाही नवोदिताला विनाशुल्क मंच, एवढे ठरले तर पुरे. भाड्याचा दर ठरवताना लग्नसमारंभांना तेथे मुळीच मज्जाव असावा. उत्पन्न बुडेल ही ओरड होईल. रंगस्थळ एकदा मंगल कार्यालय झाले की परत रंगस्थळ होत नाही, याची उदाहरणे वाचकांना आपापल्या गावी सापडतील.

नगरविकासाच्या आराखड्यावर हरकती व सूचना मागवण्याची एक रीतसर पायरी असते. त्या वेळी जमीनमालक आणि विकासक वकिलांसह हजर असतात. शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी सहसा नसतात, कारण राजपत्र त्यांच्या हाती पडत नाही आणि मुदत संपल्यावर बातमी कळते. या वेळी तरी जिल्ह्यातील वाचनालयांनी आणि शिक्षक संघटनांनी ती तारीख आधी विचारून घ्यावी, बागेचा भूखंड नकाशावर शोधावा आणि त्याच्याभोवती १०० मीटरचे वर्तुळ काढून अर्जाला जोडावे. अर्ज साध्या कागदावर चालतो.